पंधरा सेंटिमीटरचा फरक

दहाव्या किलोमीटरच्या दगडापाशी गाडीच्या मीटरने तिसऱ्यांदा नऊ पूर्णांक तीनच दाखवलं, तेव्हा तिने गाडी कडेला घेतली आणि पेन्सिल वहीवर आपटली.

सकाळचे आठ वाजले होते. टेकडीवरून थंड वारा येत होता आणि नव्या डांबराचा वास अजून गेला नव्हता. रस्ता नवा, त्यावरचे पांढरे दगड नवे, आकडेही कालपरवा रंगवल्यासारखे काळेभोर. तीन वेळा ती शून्याच्या दगडापासून इथवर आली होती आणि तिन्ही वेळा सातशे मीटर कुठेतरी गडप झाले होते. आता दोघांपैकी एक जण खोटं बोलत होतं, मीटर नाहीतर दगड. बाबांची गाडी खोटं बोलत नाही हे ती लहानपणापासून ऐकत आली होती. म्हणजे दगडच.

आणि नेमका तेव्हाच दगडांचा माणूस समोरून आला. नारिंगी जाकीट, बुटांवर पांढऱ्या रंगाचे थेंब, हातात लांब दांड्याचं एक चाक. ते तो रस्त्याच्या कडेने ढकलत होता, तेही इतक्या एकाग्रतेने, की तिची गाडी त्याला दिसलीच नाही. दिसली तेव्हा तो थांबला, दांड्यावरचा आकडा वाचून हाताच्या तळव्यावर लिहिला आणि मग वर बघितलं.

"हे दगड तुम्ही लावलेत?" तिने खिडकीतून विचारलं.

"लावले दुसऱ्यांनी. कुठे लावायचे ते मी सांगितलं."

"मग चुकीचं सांगितलंत. दहा किलोमीटरमागे सातशे मीटर खाल्लेत तुम्ही."

त्याने स्वतःकडे एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं. "एवढं खाऊन माणूस इतका बारीक राहील का?"

तिला हसू येत होतं, पण भांडायला उतरलेल्या माणसाने हसायचं नसतं, म्हणून तिने वही पुढे केली. तीन ओळी, तीन वेळा तेच उत्तर. त्याने ती नीट वाचली. मग गाडीला एक फेरी मारली, पुढच्या चाकाशी उकिडवा बसला आणि विचारलं, "टायर कधी बदलले?"

"टायरचा काय संबंध?"

"डिकी उघडता?"

डिकीत जुनं जादा चाक होतं. त्याने ते उतरवून पुढच्या चाकाला टेकवून उभं केलं. नवा टायर चांगला तीन बोटं उंच. मग खिशातून टेप काढून तिचं एक टोक त्याने तिच्या हातात दिलं. जुन्या टायरचा घेर एकशे पंच्याण्णव सेंटिमीटर. नव्याचा मोजायला गाडीखालून टेप फिरवता येईना, म्हणून त्याने टायरवर आणि रस्त्यावर खडूने एकेक रेघ मारली, तिला गाडी हळूच पुढे घ्यायला लावली आणि एक फेरा पुरा झाला तिथे दुसरी रेघ ओढली. दोघं रस्त्यावर ओणवे होऊन टेपवरचा आकडा बघायला लागले, तेव्हा तिचे केस वाऱ्याने त्याच्या कपाळावर आले... आणि ते बाजूला करायचं दोघांनाही एकदम सुचलं नाही.

"दोनशे दहा," तो म्हणाला. "मीटरला रस्ता दिसत नाही. ते फक्त चाकाचे फेरे मोजतं. एका फेऱ्याला इतका रस्ता, असं त्याला कारखान्यात एकदा पढवलं, की पोपटासारखं तेच म्हणत बसतं. तुमच्या गाडीची ढांग पंधरा सेंटिमीटरने वाढली, पण ते त्याला कोणी सांगितलंच नाही."

"म्हणजे फक्त अंतर नाही... वेगही?"

"वेगही. काटा साठवर असतो तेव्हा गाडी साडेचौसष्टने पळत असते."

हे ऐकून ती खजील होईल, नाहीतर पुन्हा भांडेल, असं त्याला वाटलं होतं. ती मात्र मटकन दगडावर बसली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. तो पुरता गोंधळला. एका टायरवरून कोणी रडेल, हे त्याच्या हिशेबात बसत नव्हतं.

गोष्ट टायरची नव्हतीच. गोष्ट तिच्या बाबांची होती.

बाबांनी चौतीस वर्षं लांब पल्ल्याची बस चालवली होती. डेपोत त्यांची ख्याती अशी, की मीटरवर फडकं टाकून चाळीसने चालवा म्हटलं तर ते चाळीसनेच चालवत. वेग त्यांना तळपायाला कळायचा. सुट्टीच्या दिवशी ते लेकीला शेजारी बसवून गाडी काढायचे. तीही आपली घड्याळ आणि नकाशा घेऊन रुबाबात बसायची, म्हणून बाबांनी तिचं नाव 'कंडक्टर' ठेवलं. शाळा संपली, कॉलेज संपलं, ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायला लागली, तरी घरात ती कंडक्टरच राहिली. आणि दर वर्षी बापलेक एका रॅलीत उतरायचे. त्यात कोण पहिला पोचतो याला किंमत नसते. ठरलेल्या वेगाने, ठरलेल्या ठिकाणी, बरोबर ठरलेल्या सेकंदाला जो पोचतो तो जिंकतो. सेकंदभर लवकर गेलात तरी एक गुण दंड, सेकंदभर उशीर झाला तरी एक. बाबांचा पाय आणि कंडक्टरचं गणित, अशी ती जोडी होती.

बाबा निवृत्त झाले तेव्हा तिने त्यांच्या गाडीला चार नवे टायर घेतले. रुंद, उंच, ऐटबाज. बाबांनी त्यांना आठवडाभर रोज ओल्या फडक्याने पुसलं.

त्यानंतरच काहीतरी बिनसलं. बाबा गाडीवरून आले की गप्प बसायला लागले. एकदा जेवताना म्हणाले, पाय सांगतो गाडी जोरात आहे आणि काटा सांगतो नाही. आजवर असं कधी झालं नव्हतं. मग स्वतःच म्हणाले, वय झालं. तिने त्यांना दुकानात नेऊन तीन वेळा डोळे तपासले. डोळे ठणठणीत होते. पण चौतीस वर्षं ज्याच्यावर भरवसा ठेवला तो पायच फितूर झाला, असं बाबांच्या मनाने घेतलं होतं. दहा दिवसांवर रॅली आली आणि काल रात्री जेवून उठताना त्यांनी गाडीची किल्ली तिच्यापुढे ठेवली. दुसरा ड्रायव्हर शोध म्हणाले. रॅली झाली की गाडी भाच्याला देऊन टाकू, हेही म्हणाले. आईने ताटं आवरता आवरता पदर डोळ्यांना लावला होता. तरी सवयीने ती आज सकाळी रॅलीचा रस्ता मोजायला निघाली होती.

"आणि ते टायर मीच घेऊन दिले होते," ती म्हणाली. "माझ्या हातांनी मी माझ्या बाबांना म्हातारं केलं."

तो तिच्यापासून जरा अंतर ठेवून रस्त्यावरच बसला. मग ती तडक घरी जाऊन सांगायला उठली, तेव्हा मात्र त्याने थांबवलं. "सांगितलंत तर ते काय म्हणतील?"

तिने विचार केला. "म्हणतील, पोरगी समजूत घालतेय."

"मग सांगायला नको. दाखवू या."

'दाखवू या' म्हणाला तो, 'दाखवा' नाही. हे तिच्या लक्षात आलं आणि परतीच्या रस्त्यावर काटा चाळीसच्या पुढे जाईना, कारण तिला घरी पोचायची घाईच उरली नव्हती.

पुढचे दोन दिवस ती दुकान उघडायच्या आधी त्या रस्त्यावर जायची. टेकडीपलीकडचा एक सरळ तुकडा अजून रहदारीला खुला झाला नव्हता. तिथे दोघांनी एक किलोमीटर पक्का मोजला. तो चाक ढकलायचा, ती आकडे लिहायची. तो थर्मासमधला चहा झाकणात ओतून तिला द्यायचा आणि स्वतः थर्मासमधूनच प्यायचा. त्याने विचारलं, डोळे तपासताना माणूस इतक्या जवळून बघतो, तर अवघडल्यासारखं होत नाही का? ती म्हणाली, मला फक्त बुबुळ दिसतं. मग तिने त्याच्या डोळ्यांत निरखून पाहिलं, नेहमीच्या सवयीने, आणि पहिल्यांदाच तिला बुबुळ सोडून बाकीचं सगळं दिसलं. ती इतक्या घाईने मागे सरली की चहा सांडला.

"चष्मा लागेल का मला?" त्याने विचारलं.

"नाही. तुम्हाला... तुम्हाला बरंच दिसतं."

शनिवारी त्याने सहज सांगितल्यासारखं सांगितलं, की इथलं काम संपत आलंय. रॅलीच्या दुसऱ्या दिवशी त्याला नव्या रस्त्यावर हजर व्हायचं होतं, इथून दोनशे साठ किलोमीटर. तिने मान डोलावली आणि वहीत लिहिलेला एक बरोबर आकडा खोडून पुन्हा तोच लिहिला.

रविवारी तिने आईबाबांना फिरायला म्हणून तिथे आणलं. नारिंगी जाकीट बघून बाबांनी भुवया चढवल्या. त्याने नमस्कार केला आणि आडपडदा न ठेवता सांगितलं, की या दोन दगडांत बरोबर एक किलोमीटर आहे, साठच्या वेगाने बरोबर साठ सेकंद लागतील. मीटरवर फडकं टाकायचं आणि पायाने चालवायचं.

बाबा हसले, पण त्या हसण्यात जीव नव्हता. म्हणाले, बाळा, तो माणूस आता राहिला नाही. मी मागे बसतो.

तेव्हा आई पुढे झाली. तिने स्वतःच पुढचं दार उघडलं आणि शेजारच्या सीटवर जाऊन बसली. "चौतीस वर्षं परक्या लोकांना पोचवलंत. आज मला त्या पलीकडच्या दगडापर्यंत न्या. एवढंच मागतेय."

बाबा स्टीअरिंगवर बसले. कंडक्टर मागच्या सीटवर गेली, मीटरवर तिचा रुमाल, हातात स्टॉपवॉच. तो दुसऱ्या दगडापाशी दुसरं स्टॉपवॉच घेऊन उभा राहिला, लांबून एक नारिंगी ठिपका. बाबांनी गाडी बरीच मागे नेऊन वेगात आणली. पहिला दगड सरकन मागे गेला, बाबांनी पलीकडे खूण म्हणून दिवे चमकवले आणि तिने बटण दाबलं. इंजिन एका सुरात गात होतं. बाबांचे खांदे सैल झाले होते, नजर लांब लागली होती. नारिंगी ठिपक्याचा माणूस झाला, माणसाचा चेहरा झाला... तिने बटण दाबलं.

साठ सेकंद आणि वर चार दशांश.

दुसऱ्या खेपेला एकोणसाठ आणि आठ दशांश. तिसऱ्या खेपेला दोघांच्याही घड्याळात साठ आणि एक दशांश. ती बाबांना म्हणाली, चौथ्यांदा तसंच चालवा, पाय हलवू नका. आणि गाडी पळत असतानाच तिने हात पुढे करून रुमाल काढून घेतला.

काटा छप्पनलाही टेकलेला नव्हता.

बाबांनी काट्याकडे पाहिलं, आरशात लेकीकडे पाहिलं, आणि गाडी अलगद थांबवली. जाकीटवाल्याने धावत येऊन डिकीतलं जुनं चाक काढलं आणि नव्याशेजारी उभं केलं. पुढचं काही सांगावं लागलं नाही. बाबांनी चाकांवरच आयुष्य काढलं होतं. खाली उतरून त्यांनी दोन्ही टायरांवरून हात फिरवला, तीन बोटांचा फरक चाचपला आणि बराच वेळ तिकडेच तोंड करून उभे राहिले.

"म्हणजे पाय खरा होता," ते शेवटी म्हणाले.

"पाय खरा होता, बाबा. मीच चुकले. टायर घेताना माप बघितलं नाही, नुसतं रूप बघितलं."

"रूपच बघतात लोक," आई म्हणाली. "माझ्या वडिलांनीही जावई तसाच निवडला होता."

बाबा इतके हसले की त्यांना गाडीचा आधार घ्यावा लागला. डोळे पुसत त्यांनी सांगून टाकलं, की टायर काढायचे नाहीत, लेकीने दिलेत, तेच राहतील. गणित कंडक्टरने बदलावं. मग त्या नारिंगी जाकिटाच्या खांद्यावर हात टाकून त्यांनी त्याला जेवायला घरी बोलावलं आणि त्याचं नावही ठेवलं. फूटपट्टी.

आठवडा वाऱ्यासारखा गेला. ती दुकानातून आली की टेबलावर कागद पसरायची, रॅलीचा प्रत्येक टप्पा नव्या मापाने मांडायची. खरा चाळीस हवा तर काटा सदतीसच्या किंचित पुढे, खरा पन्नास हवा तर साडेशेहेचाळीस. रोज संध्याकाळी फूटपट्टीचा फोन यायचा, तोही आकड्यांबद्दलच. आठ मिनिटं आकडे, मग चाळीस मिनिटं बाकीचं. आई स्वयंपाकघरातून विचारायची, अजून गुणाकार चाललाय का. पण सोमवारबद्दल, त्या दोनशे साठ किलोमीटरबद्दल दोघंही अवाक्षर काढत नसत.

रॅलीच्या दिवशी अडतीस गाड्या होत्या. बाबांनी नवा शर्ट घातला होता. पहिल्या तीन टप्प्यांत मिळून त्यांना सहा गुण दंड झाला. इतकं चांगलं त्यांचं आजवर कधीच झालं नव्हतं. तिचे तक्ते तंतोतंत चालत होते. शेवटच्या टप्प्याआधी अर्धा तास विश्रांती होती, आणि तिथेच गाडीला वळसा घालताना ती जागीच थांबली. पुढच्या डाव्या चाकात खिळा होता. टायर बसला होता.

जादा चाक एकच होतं. तेच, जुनं.

बाबांनी दहा मिनिटांत ते चढवलं, पण पुढे आता एक चाक लहान आणि एक मोठं. जुनं माप खरं नाही आणि नवंही खरं नाही. काटा कुठेतरी अधेमधे दाखवणार, नक्की कुठे हे पडताळायला वेळ नव्हता. तिचे सगळे कागद रद्दी झाले. बाबा एवढंच म्हणाले, अशी जोडी फार पळवायची नसते, पण चौदा किलोमीटर आहेत आणि वेग छत्तीसचा आहे, सावकाश नेईन. तू सांग.

तिने कागद मागच्या सीटवर टाकले आणि मीटरवर रुमाल घातला. शेवटचा टप्पा त्याच नव्या रस्त्यावर होता. छत्तीसच्या वेगाने एका किलोमीटरला शंभर सेकंद लागतात. तिच्या हातात घड्याळ होतं, बाबांजवळ पाय होता, आणि रस्त्यावर चौदा पांढरे दगड होते, एका बारीक माणसाने चालत मोजलेले.

"दगडांवर भरवसा आहे?" बाबांनी विचारलं.

"आहे," ती म्हणाली. तिचा चेहरा गरम झाला.

झेंडा पडला. पहिल्या दगडाला एकशे दोन सेकंद झाले. दोन मागे, ती म्हणाली, आणि बाबांच्या पायाचा अंगठा जेमतेम दाबला गेला. दुसऱ्याला दोनशे एक. तिसऱ्याला बरोबर तीनशे. मग चढ आला, उतार आला, वळणं आली. ती दगड हेरायची, सेकंद सांगायची, बाबा मान हलवायचे. मागची एक गाडी त्यांना घाबरवून भरकन पुढे निघून गेली, तरी बाबांचा पाय ढळला नाही. अकराव्या दगडापाशी ते एक सेकंद पुढे होते, बाराव्याला शून्यावर. चौदाव्या दगडापाशी पंचांची रेषा होती. ती पार करताना तिने डोळे मिटून बटण दाबलं.

शेवटच्या टप्प्याचा दंड, एक गुण. अडतीस गाड्यांत त्यांचा नंबर दुसरा आला. बाबा बातमी ऐकून खाली उतरले आणि गाडीच्या टपावर थोपटलं, बैलाच्या पाठीवर थोपटावं तसं. मग सगळ्यांदेखत आईच्या हातात किल्ली देऊन म्हणाले, जपून ठेव, भाच्याला सांग, मिळणार नाही.

ती गर्दीतून बाजूला आली. चौदाव्या दगडाच्या पलीकडे, पंचांच्या तंबूमागे, तो मोटरसायकलशी उभा होता. जाकीट आज अंगावर नव्हतं. मागे बॅग बांधलेली. तो आज संध्याकाळीच निघणार होता.

"एक सेकंद कुठे गेला?" त्याने विचारलं.

"माझी शेवटची हाक चुकली. डोळे मिटले होते."

हातातलं घड्याळ ती उगाच सुरू करत होती, बंद करत होती. त्याने हेल्मेट एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं आणि खाली बघतच म्हणाला, "एक सांगायचं राहिलंय. तो टेकडीपलीकडचा किलोमीटर माझा आधीच मोजून झाला होता. शुक्रवारी आणि शनिवारी माझं काम रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला होतं. साहेबांची बोलणी खाल्ली मी."

"मग मोजत काय होतात?"

"तुम्ही किती वाजता येता... ते."

तिला हसू आलं आणि या वेळी तिने ते थांबवलं नाही. इतके दिवस आकड्यांच्या आड लपवलेलं सगळं ओठांवर आलं होतं. "मला तुम्ही आवडता," ती म्हणाली. "हे मी पाच दिवसांपूर्वी सांगणार होते. रोज फोन ठेवताना सांगणार होते. दोनशे साठ किलोमीटरची भीती वाटत होती."

"माझा रोजचा पगार अंतरं मोजण्याचा आहे," तो म्हणाला. आता तो तिच्याकडेच बघत होता. "दोनशे साठ फार नाही. मला तुम्ही आवडता, ते त्या सातशे मीटरवरून भांडलात तेव्हापासून."

तंबूपलीकडून बाबांची हाक आली, कंडक्टर, फोटो काढायचाय, आणि त्या फूटपट्टीलाही घेऊन ये. म्हणजे बाबांना सगळं दिसत होतं. डोळे ठणठणीतच होते त्यांचे.

त्याने हेल्मेट मोटरसायकलवर ठेवलं. तिने त्याचा हात धरला आणि चारचौघांत धरलाय हे कळूनही सोडला नाही.

"रविवारी ये," ती म्हणाली.

'या' नाही, 'ये'. त्याच्या कानांपर्यंत लाली चढत गेली.

"येतो," तो म्हणाला. "तू वाट बघ."